मांजर घरात की बाहेर?

शहरातल्या फ्लॅटमधलं मांजर घरातच ठेवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. वाहनं आणि भटकी कुत्री हे धोके निदान दिसतात. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू दिसत नाही. लस न टोचलेली पिल्लं त्याने काही दिवसांतच दगावतात. हा विषाणू कित्येक महिने तग धरतो आणि चपलांबरोबर घरातही येतो. म्हणून बाहेर न जाणाऱ्या मांजरालाही सहा ते आठ आठवड्यांपासून लसी द्यायला हव्यात, पुढे रेबीजचीही.

‘मांजर चार पायांवरच उतरतं’ या भरवशावर गॅलरी उघडी टाकू नका. न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यकांनी उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध केला. उपचार मिळालेली ९० टक्के वाचली हे खरं, पण छातीला इजा झालेल्यांचं प्रमाणही ९० टक्केच होतं! कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर दातांनी कुरतडतं. तिथे तारेची जाळीच बसवा.

घरात कोंडलेलं मांजर कंटाळतं, हा आक्षेप रास्त आहे. त्याला खिडकीशी बसायला उंच जागा, नखं घासायला काथ्या गुंडाळलेला खांब आणि रोज तुमचा थोडा वेळ द्या.

गावाकडे, अंगण-गोठ्याच्या घरात मांजर बाहेर जाणारच. मात्र भाटी चार-पाच महिन्यांतच माजावर येऊ शकते आणि नऊ आठवड्यांत विते. तेव्हा पशुवैद्यकांना विचारून नसबंदी वेळीच करून घ्या.