उलटी फिरवलेली सीट

पॅरिसमध्ये व्हेलिब या सार्वजनिक सायकलसेवेच्या स्टँडवर सायकल घ्यायला गेलं, की रांगेतल्या एखाद्या सायकलीची सीट मागे तोंड करून बसलेली दिसते. नवख्याला वाटतं, कुणा पोराचा चावटपणा असेल. रोजचा माणूस मात्र त्या सायकलीला हातही लावत नाही. तिची चेन तुटलेली असते, ब्रेक लागत नसतो किंवा चाकातली हवा गेलेली असते. आधी ज्याने ती वापरली, त्याने जाता जाता सीट फिरवून ठेवली, मागून येणाऱ्याची फसगत होऊ नये म्हणून. ज्याला आपण कधी भेटणार नाही अशा माणसासाठी ठेवलेली ही खूण लोकांनीच आपसात रूढ केली.

आता याच शहराची दुसरी बाजू. व्हेलिब सुरू झाली १५ जुलै २००७ रोजी. कार्ड टेकवा, खांबातून सायकल सोडवा, शहरात कुठल्याही दुसऱ्या खांबाला नेऊन लावा. पहिला अर्धा तास तर जादा पैसेही नाहीत. २००९ च्या शरदापर्यंत सुरुवातीच्या वीस हजारांवर सायकलींपैकी सुमारे ८० टक्के एक तर चोरीला गेल्या होत्या, नाहीतर मोडल्या होत्या. काही सीन नदीत सापडल्या, काही दिव्याच्या खांबांवर लटकलेल्या. काही तर थेट पूर्व युरोपात आणि आफ्रिकेत निघाल्या. सीट फिरवणारे हात आणि नदीत फेकणारे हात एकाच शहरातले.

हे कोडं सोडवायला चाळीस वर्षं मागे, ॲम्स्टरडॅमला जावं लागतं. १९६५ च्या उन्हाळ्यात ‘प्रोव्हो’ नावाच्या खोडकर तरुणांच्या टोळक्याने काही सायकली पांढऱ्या रंगवून रस्त्यावर सोडून दिल्या. कल्पना लुड स्किमेलपेनिंक यांची. कुलूप नाही, भाडं नाही, मालक नाही. हवी त्याने घ्यावी, काम झालं की तिथेच ठेवावी. आपल्याकडच्या पाणपोईसारखं, फक्त पाण्याऐवजी सायकल. या सायकली चोरांनी पळवल्या असं सांगायची पद्धत आहे. पण पहिला घाला घातला तो पोलिसांनी! सायकल बिनकुलपाची ठेवणं तिथे नियमाविरुद्ध होतं, त्यामुळे चोरीला उत्तेजन मिळतं म्हणे. सायकली जप्त झाल्या. त्यावर प्रोव्होंनी काय करावं? आकड्यांची कुलपं आणून लावली आणि उघडायचा आकडा सायकलीवरच रंगवून टाकला. कायदाही पाळला, कुलूपही निरर्थक केलं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

पाणपोईचा पेला मात्र साखळीने बांधलेला असतो. गावात धर्मादाय पाणी पाजणाऱ्यालाही माणसाचा स्वभाव पुरता ठाऊक असतो. केंब्रिजने १९९३ मध्ये हिरव्या रंगाच्या सुमारे ३०० सायकली अशाच साखळीवाचून सोडल्या आणि त्या बघता बघता नाहीशा झाल्या. साखळी हवी, पण जी फिरणार आहे तिला बांधायचं कसं?

डॅनिश लोकांनी यावर जे उत्तर काढलं, त्याच्या मी प्रेमात आहे. १९९५ मध्ये कोपनहेगनने एक हजार सायकली आणल्या. दांड्याजवळ एक खाच, तिच्यात २० क्रोनरचं नाणं सरकवलं की साखळी सुटायची. सायकल परत लावली की नाणं बाहेर यायचं. मॉलमधल्या सामानाच्या ढकलगाडीला असते तीच युक्ती. वरवर पाहता ही अनामत रक्कम, आणि तीही इतकी किरकोळ की चोर हसेल. पण गंमत दुसरीकडेच आहे. आळशी माणसाने सायकल भलत्याच कोपऱ्यात टाकून दिली, की तिच्या पोटात २० क्रोनर अडकलेले राहायचे. कुणीही ती उचलून स्टँडला लावली की ते पैसे त्याचे. म्हणजे टाकलेली प्रत्येक सायकल घरी पोचवण्यासाठी रस्त्यावरच्या प्रत्येक पोराला आपोआप मजुरी ठरलेली! एकही माणूस नेमायला नको.

दुसरी युक्ती सायकलीच्या अंगातच होती. तिचे भाग मुद्दाम इतर कुठल्याही सायकलीला बसणार नाहीत असे घडवले होते, टायर हवेचे नव्हे तर भरीव. सायकलचोराचा धंदा सुट्या भागांवर चालतो. चाक इकडे, हँडल तिकडे, फ्रेमला नवा रंग, की सायकल ओळखू येत नाही. जी सोडवून विकता येत नाही आणि लपवताही येत नाही, ती चोरून करायचं काय? तिथून पुढे बहुतेक सार्वजनिक सायकली जाड, जड आणि थोड्या कुरूप होत गेल्या. पॅरिसची सायकल २२ किलोंच्या घरात होती. या कुरूपपणामागे चोराचा मोठा हात आहे. या सायकलींचा निम्मा आराखडा चोरांनीच काढून दिला, असं म्हटलं तरी चालेल.

तरीही कोपनहेगनमध्ये सायकली जातच राहिल्या, कारण नाण्यावर नाव नसतं. पुढची पायरी नावाची. फ्रान्समधल्या रेन शहराने १९९८ मध्ये कार्डावर चालणारी सायकल आणली, २००५ मध्ये लिऑंने तिचा मोठा पसारा मांडला. आता कोणती सायकल कोणी किती वाजता घेतली याची नोंद राहू लागली. यात नवं ते यंत्र. तत्त्व आपल्याला जुनंच आहे. तासाच्या भाड्याने सायकल देणारा दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घ्यायचा. मागच्या मडगार्डवर दुकानाचं नाव आणि सायकलीचा नंबर रंगवलेला असायचा. खरी अनामत म्हणजे ‘जोश्यांचा धाकटा ना तू?’ हा प्रश्न. ज्याच्या वडिलांना दुकानदार ओळखतो, तो पोरगा सायकल नदीत टाकत नाही.

मग नावाचं कार्ड, शिवाय १५० युरोंची हमी असूनही पॅरिसमध्ये तो गोंधळ का झाला? चोरीचं एक कारण अगदीच किरकोळ होतं. परत आणणारी माणसं घाईत सायकल खांबात अर्धवट खुपसून निघून जायची, आणि कडी नीट लागली की नाही हे न बघता गेलेल्या माणसाची सायकल पुढचा कोणीही अलगद काढून न्यायचा. कुलूप कितीही हुशार असो, ते लावणाऱ्याला घरी जायची घाई असते. खांब आणि फ्रेम पुढे मजबूत केल्या गेल्या.

मोडतोडीवर मात्र लोखंडाचा उतारा चालत नाही. चोराला सायकल हवी असते. तोडणाऱ्याला ती नकोच असते. वाहतुकीचे अभ्यासक, समाजशास्त्रज्ञ ब्रुनो मार्झलोफ यांनी त्या काळात या नासधुशीचं नातं उपनगरांत गाड्या जाळण्याशी जोडलं होतं. तिथली २००५ ची दंगल ताजी होती. शहराच्या मध्यात राहणाऱ्या खात्यापित्या, कलासक्त लोकांना तिथे चिडवून ‘बोबो’ म्हणतात, आणि राखाडी व्हेलिब ही बोबोंची सायकल म्हणून ओळखली जाऊ लागली होती. ज्याच्या वस्तीत ट्रेन धड येत नाही, त्याला मध्यावरच्या चकचकीत स्टँडकडे पाहून काय वाटत असेल? हे संपूर्ण उत्तर आहे असं मी म्हणणार नाही. रात्री दोन पेग जास्त झालेली सुखवस्तू पोरंही सायकली तुडवतात. पण ‘सर्वांची’ असं जिच्यावर लिहिलं आहे, तिच्यात आपण येतो का, हा प्रश्न काहींनी लाथेने विचारला, एवढं नक्की.

दहा वर्षांनी चीनमधून नवी लाट आली. खांबच नको, सायकल कुठेही ठेवा, मोबाईलने उघडा. मोबाईक कंपनीने तर चेनच काढून टाकली. दांड्यावर चालणारी, भरीव टायरची, कुलपात जीपीएस असलेली गाडी. कुलपाची बॅटरी पायडलवर चार्ज व्हायची. तिची प्रतिस्पर्धी ओफो हलकी आणि स्वस्त. आता तो ॲम्स्टरडॅमचा आकडा आठवा. ओफोच्या सुरुवातीच्या सायकलींवर आकड्यांचं कुलूप होतं, आणि त्या सायकलीचा आकडा कधी बदलतच नसे! एकदा पैसे भरून आकडा कळला की तो कायमचा तुमचा. काही महाभाग तर नंबरप्लेट खरवडून टाकायचे, म्हणजे दुसऱ्या कुणाला आकडा मागवताच येऊ नये. प्रोव्होंनी सायकल सगळ्यांची व्हावी म्हणून आकडा रंगवला होता. इथे ती एकट्याची व्हावी म्हणून आकडा पुसला.

चोंगचिंगमधल्या वुकाँग नावाच्या कंपनीने सायकलींना जीपीएस बसवलाच नव्हता. १,२०० पैकी सुमारे ९० टक्के सायकली कुठे आहेत हे कुणालाच सांगता येईना आणि २०१७ च्या जूनमध्ये तिने दुकान बंद केलं. फ्रान्समधून गोबी या कंपनीने २०१८ मध्ये काढता पाय घेतला, मँचेस्टरमधून मोबाईकने. कारण दोघांनीही एकच सांगितलं, चोरी आणि मोडतोड. पुण्यात, जिथे एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवण्याची सवय होती, २०१७ च्या डिसेंबरात विद्यापीठात आणि औंधला रंगीत सायकली अवतरल्या. लवकरच त्यांच्याही मोडतोडीच्या बातम्या छापून आल्या.

याच काळात चीनच्या शहरांमध्ये एक विचित्र छंद सुरू झाला. काही माणसं कामावरून सुटल्यावर मोबाईलवरच्या नकाशात ठिपके शोधत निघायची. कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या फाटकाआड लपवून ठेवलेल्या, कुणी खासगी कुलूप घातलेल्या मोबाईक हुडकायच्या आणि रस्त्यावर आणून ठेवायच्या. त्यांना ‘शिकारी’ म्हणत. पगार नव्हता.

आणि जिथे हे सगळं सुरू झालं त्या नेदरलँड्समध्ये? स्किमेलपेनिंक नगरसेवक झाले, त्यांनी पालिकेने दहा हजार पांढऱ्या सायकली ठेवाव्यात असा प्रस्ताव मांडला, तो फेटाळला गेला. १९७४ मध्ये त्यांनी विजेवर चालणारी सामायिक मोटार आणून पाहिली. आज त्या देशात जी भाड्याची सायकल खरोखर चालते तिचं नाव ‘ओव्ही-फीट्स’, २००३ पासूनची, आता रेल्वे कंपनीची. निळी-पिवळी आणि अगदी साधी. रेल्वे स्टेशनातून घ्यायची आणि शक्यतो तिथेच परत आणायची. भलत्या स्टेशनात सोडली तर जादा आकार पडतो. कार्ड तुमच्या स्वतःच्या नावाचं, प्रवासाचं, जपून ठेवायचं. अनेक स्टेशनांत कार्ड तपासायला खिडकीशी एक माणूस बसलेला असतो. कुलूपही चाकाला लागणारं, कुठल्याही सायकलीला असतं तसं.