नकोसे अश्लील टपाल आणि शिक्षक

शाळेच्या नावाने आलेले टपाल मुख्याध्यापकाने उघडावे, ही जुनी रीत. त्यात एखादे निनावी, बीभत्स पत्र निघालेच तर ते चुलीत जाई आणि विषय संपे. वास्तविक असे साहित्य टपालाने धाडण्यास १८९८ च्या टपाल कायद्यानेच मनाई होती. परंतु जळालेल्या पत्राचा पुरावा कोठून आणावा? आता तेच टपाल शाळेच्या ई-मेलवर आणि शिक्षकांच्या मोबाईलवर येते. सालेकसा-देवरीकडील ज्या गावी माहिती भरण्यापुरतेही नेटवर्क मिळत नाही, तेथे हे मात्र बिनचूक पोहोचते!

असे काही आले म्हणजे प्रथम वाटते ती लाज. परगावाहून येऊन एकटी राहणारी शिक्षिका गावात बोभाटा होईल या भीतीने मजकूर पुसून टाकते व गप्प राहते. पाठविणारा नेमका याच मौनावर विसंबून असतो. २००९ साली मुंबईतील एका नोकरदार स्त्रीस अनोळखी पत्त्यावरून अश्लील ई-मेल आले. तिने तक्रार केली. तपासात पाठविणारा तिच्या परिचयातलाच निघाला, आणि २०१५ साली न्यायालयाने त्यास दोषी ठरविले.

हा शोध कसा लागतो, हे समजून घेण्याजोगे आहे. ई-मेलवर दिसणारे प्रेषकाचे नाव खोटे घालता येते. पण पत्र कोणकोणत्या संगणकांवरून आले याच्या नोंदी, पाकिटावरील टपालशिक्क्यांप्रमाणे, मूळ पत्रात राहतात. पडद्याचे छायाचित्र काढल्याने त्या मिळत नाहीत. सबब तक्रार होईपर्यंत मूळ पत्र राहू द्यावे, पाकिटातून आलेले असल्यास पाकीटही जपावे. उत्तर देऊ नये. खाली 'ही पत्रे बंद करा' असा दुवा असला तरी तो दाबू नये. त्यामुळे पत्ता वापरात आहे एवढेच प्रेषकास कळते. धमकी देऊन पैसे मागितल्यास ते न देता १९३० या क्रमांकावर कळवावे.

सद्हेतूने घडणारी एक चूक अशी की, इतरांना सावध करण्यासाठी तोच मजकूर शिक्षकांच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकला जातो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ अन्वये असे साहित्य पुढे पाठविणे हाच अपराध असून पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वरिष्ठांना कळवायचे ते शब्दांत कळवावे. तक्रार पोलीस ठाण्यात किंवा केंद्र शासनाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर करता येते. स्त्रिया व बालकांविषयीच्या अशा तक्रारीत तेथे नाव न देण्याचीही सोय आहे.

चित्रात बालक असल्यास मात्र त्याची प्रत काढू नये, कोणास दाखवू नये. प्रेषकाचा क्रमांक व वेळ टिपून तत्काळ पोलिसांस कळवावे. विद्यार्थ्यास कोणी असे काही पाठविल्याचे समजले, तर २०१२ च्या बाल लैंगिक अपराध कायद्याने ते कळविणे शिक्षकावर बंधनकारक आहे. 'पालकांनी प्रकरण मिटविले' ही सबब चालत नाही.

बापाच्या मोबाईलवर अभ्यास करताना काही दिसले, असे एखादी पाचवीतली मुलगी भीतभीत सांगते. "तू ते उघडलेसच कशाला?" हा प्रश्न तिला कदापि विचारू नये. तिने सांगितले हे बरे केले, असे म्हणावे, आणि तिचे सारे बोलणे होईपर्यंत वही-पेन हाती घेऊ नये.