आधी तिथी, मग गाडी

"तारे बघायला सव्वाशे किलोमीटर? आपल्या गच्चीवरून दिसत नाहीत का?" परवानगीच्या अर्जावर सही करण्याआधी रेक्टर सरांनी विचारलेला हा प्रश्न. सरांचं चुकलं नाही. हॉस्टेलमधल्या निम्म्या पब्लिकला हाच प्रश्न पडतो, आणि उरलेल्या निम्म्यांना मॅगी कुठे मिळेल हा. म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच काढू. गेल्या तीन वर्षांत मी नाणेघाटाच्या बाजूला तीनदा जाऊन आलोय, त्या भांडवलावर हे लिहितोय.

गच्चीवरून तारे दिसतात, पण बोटावर मोजण्याइतके. स्वच्छ, काळोख्या जागी एका वेळी दोन-अडीच हजार तारे नुसत्या डोळ्यांना दिसतात. पुण्यात दिवे धूळ-धुराला उजळतात आणि आकाशच राखाडी होतं. त्या राखाडीपेक्षा जे उजळ तेवढंच आपल्याला दिसतं. गणितवाल्यांसाठी सांगतो, याचा वॉकरचा नियम नावाचा एक ढोबळ नियम आहे. शहराच्या उजेडाने आकाशात येणारी झळाळी अंतराच्या अडीचाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणजे अंतर दुप्पट केलं की झळाळी साधारण साडेपाच पटींनी कमी. तेव्हा सिंहगडावर जाऊन "दिसत नाही यार" म्हणणाऱ्यांनी आधी पुण्यापासूनचं अंतर बघावं.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे ट्रिप ठरते ती अशी: आधी गाडी कोणाची, मग कोण कोण येणार, मग कुठे, आणि शेवटी "शनिवारी निघू". ताऱ्यांच्या ट्रिपला हा क्रम बरोबर उलटा लागतो. आधी तिथी, मग जागा, मग मुक्काम, आणि गाडी सगळ्यात शेवटी. कारण चंद्र. पौर्णिमेच्या आसपास सव्वाशे किलोमीटर गेलात तरी आकाश जवळजवळ गच्चीसारखंच दिसणार. चांदण्यात डोंगर मस्त दिसतात, पण तो वेगळा कार्यक्रम झाला.

चंद्राचं वेळापत्रक पाठ करायला वेबसाइट लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. संकष्टीचा उपास करणाऱ्यांना हे पोटातून माहीत आहे: कृष्ण चतुर्थीला चंद्रोदय साडेआठ-नऊच्या सुमारास, त्याच्याशिवाय पान वाढलं जात नाही. तिथून पुढे मोजा. अष्टमीला मध्यरात्र, एकादशीला पहाटेचे दोन-तीन. अमावास्येनंतर उलट, चंद्र संध्याकाळी पश्चिमेला दिसतो आणि लवकर मावळतो. शुद्ध चतुर्थीलासुद्धा रात्री नऊ-साडेनऊपर्यंत खेळ खलास. म्हणजे कृष्ण एकादशी ते शुद्ध चतुर्थी अशा नऊ तिथी आपल्या कामाच्या. आठवडा सात दिवसांचा आणि खिडकी जवळजवळ नऊ दिवसांची, त्यामुळे दर महिन्याला निदान एक शनिवार त्यात सापडतोच. सबमिशनचा बहाणा चालेल, चंद्राचा नाही.

यात एक अडचण येते ती घरून. "अमावास्येला कुठे निघालास?" असा आईचा फोन आला की वाद घालत बसू नका. दोन दिवस अलीकडचा किंवा पलीकडचा शनिवार घ्या. आकाशाच्या दृष्टीने काही बिघडत नाही आणि आईही निवांत झोपते.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात सवालच नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग, वृश्चिक आणि धनू राशींकडचा, झकास दिसतो; पण उठणार कोण? डिसेंबरमध्ये मात्र अंधार पडल्यापासूनच मेजवानी असते. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव असतो. त्या वर्षी तेव्हा चंद्र नसेल, तर दुसरी तारीख शोधूच नका.

जागा म्हणून नाणेघाट का? रस्ता सरळ आहे: चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, तिथून जुन्नर. जुन्नरमध्ये टाकी फुल करून घ्या. पुढे चावंडच्या बाजूने माणिकडोह धरणाच्या पाण्याकाठून साधारण तीस किलोमीटरवर घाटघर. हा शेवटचा टप्पा दुपारी, हळूहळू करण्यासारखा आहे. पाण्याच्या कडेला बगळे, पाणकावळे, समोर जीवधनचा कातळ. नाणेघाटातलं लेणं बघायला तासभर ठेवा. सातवाहनांच्या काळात कोकणातून वर येणारा माल याच वाटेने यायचा. लेण्यातल्या नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरलेत. ब्राह्मी अंकांच्या जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशोब दगडात टिकलाय, आणि आपल्याला मेसचं मागच्या महिन्याचं बिल सापडत नाही.

वाटेत नारायणगावहून आत खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यातल्या १४ मध्यभागी, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात दूरवर पसरलेल्या. आत जायला आधी परवानगी काढावी लागते, नुसतं गेटवर जाऊन "आम्ही इंजिनिअरिंगचे" सांगून भागत नाही. ही दुर्बीण रेडिओलहरी ऐकते, म्हणून तिला मोबाइल आणि गाडीच्या स्पार्क प्लगचा त्रास. आपल्या डोळ्यांना त्रास दिव्यांचा. दोघांनाही शांत जागा हवी, एवढं साम्य लक्षात ठेवा.

सूर्यास्त नाणेघाटाच्या कड्यावरून बघा, खाली कोकण पसरलेलं असतं. पण मिनिटभर पाठ फिरवून पूर्वेलाही बघा: क्षितिजालगत निळसर-करडा पट्टा आणि त्याच्यावर गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची सावली. हे झालं की कडा सोडायचा. नानाच्या अंगठ्यावर अंधारात कोणीही थांबायचं नाही, कितीही भारी फोटो येत असला तरी. बसायची जागा उजेड असतानाच नक्की करा: कड्यापासून लांब, गावाच्या जवळ, उघड्या माळावर, आणि ज्यांची जमीन त्यांना विचारून. पश्चिमेला कल्याण-मुंबईकडचा उजेड जाणवतो, त्यामुळे पाय पूर्वेकडे करून आडवं व्हा. डोक्यावरचं आकाश उत्तम असतं.

जुन्नर म्हटलं की बिबट्या आलाच. घाबरून जायचं नाही, पण उसाच्या कडेला थांबायचं नाही आणि रात्री "जरा जाऊन येतो" ला एकट्याने जायचं नाही. दोघं-तिघं, बोलत, बॅटरी घेऊन. शेकोटी पेटवायचा मोह होईल. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीने अख्खा डोंगर जातो. शिवाय शेकोटीचा उजेड डोळ्यांत गेला की आपणच आणलेलं पुणं.

डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मोबाइलच्या स्क्रीनकडे एकदा नीट बघितलंत की मीटर पुन्हा शून्यावर. बॅटरीवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर रबराने बांधा. अंधारात काम करणाऱ्या आपल्या दंडपेशींना लाल रंग फारसा जाणवत नाही, म्हणून त्यांचा सराव मोडत नाही. अंधुक वस्तू बघायची तर तिच्या किंचित बाजूला बघा. डोळ्याच्या बरोबर मध्यावर या पेशी नसतातच. देवयानीतली दीर्घिका अशीच सापडते, धुरकट ठिपका. त्या ठिपक्यातून निघालेला प्रकाश पोचायला सुमारे २५ लाख वर्षं लागली आहेत. तिच्या एका बाजूला शर्मिष्ठा, दुसऱ्या बाजूला ययाती. तिघांना एकमेकांशेजारी बसवणाऱ्याला सलाम.

पहिल्यांदा येणाऱ्याने नावं पाठ करायच्या भानगडीत पडू नये. ध्रुव शोधा आणि हात लांब करून क्षितिजापासून मुठी मोजा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. तिथे ध्रुव जेमतेम दोन मुठींवर येतो, कारण नाणेघाटाचा अक्षांश १९ च्या आसपास आहे. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला जे डोक्यात शिरलं नाही ते इथे एका मिनिटात शिरतं. मग कृत्तिका, रोहिणी, मृग, व्याध अशी रांग आहेच, आणि उशिरा दक्षिणेला, डोंगराच्या जरा वर, अगस्त्य. दुर्बीण म्हणाल तर मोठा टेलिस्कोप मागून आणू नका. बारा जणांची एका भिंगापुढे रांग लागते आणि रात्र संपते. ७×५० ची साधी द्विनेत्री पुष्कळ झाली. ५० भागिले ७ म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर, आणि अंधारात तरुण डोळ्याची बाहुली तेवढीच मोठी होते. प्रकाश वाया जात नाही.

आणि आता गाडी. इथे मी अजिबात तडजोड करणार नाही. आमच्या मजल्यावर दरवर्षी एक प्रस्ताव येतो: शनिवारी रात्री जेवून बाइक काढायच्या, दोन-तीन तास तारे बघायचे आणि पहाटे निघून आठच्या नाश्त्याला मेसमध्ये. मुक्कामाचे पैसे वाचतात, परवानगीची कटकट वाचते. माझं उत्तर दरवर्षी तेच: मी येत नाही, तुम्हीही जाऊ नका. पहाटे दोन ते सहा ही शरीराची झोपेचीच वेळ. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ५० मीटर गाडी कोणीच चालवत नसतं. त्यात तो उसाचा हंगाम. मागे दिवा नसलेली भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी असते, आणि समोरून येणाऱ्या ट्रकच्या झोतात ती दिसतच नाही. बाइकवर मागे बसलेला तर झोपणारच, त्याला धरायला कोणी नसतं.

त्यापेक्षा दहा-बारा जणांनी मिळून ड्रायव्हरसकट गाडी ठरवा. माणशी खर्च ऐकून वाटतो तितका येत नाही. घाटघरात आधी फोन करून मुक्कामाचं आणि पिठलं-भाकरीचं सांगून ठेवा. ड्रायव्हरकाकांना जेवणानंतर झोपायला वेगळी खोली द्या, त्यांना उल्का दाखवायला उठवू नका. स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर चालवणारा आधी ठरवा. तो बारा वाजता झोपणार, मग आकाशात काहीही होवो. त्याच्या वाटचे तारे सात ते बारामध्ये बसवा.

सामानात सतरंजी आणि तिच्याखाली प्लॅस्टिक, कारण मध्यरात्रीनंतर दवाने सगळं ओलं होतं. दोन स्वेटर, कानटोपी (लाजू नका, पहाटे सगळेच घालतात), पाणी, आणि ऑफलाइन नकाशा, कारण रेंजचा भरवसा नाही. कचरा परत आणायला एक गोणी.

रविवारी सकाळी आठपर्यंत सगळ्यांना झोपू द्या. उठून चहा-पोहे, जमलं तर जीवधनच्या पायथ्यापर्यंत एक फेरी, आणि अकराला गाडी जुन्नरकडे वळवा. फार रेंगाळलात तर संध्याकाळी चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकाल, आणि तिथून हॉस्टेलच्या गेटची वेळ काही केल्या गाठता येत नाही.