रानाची गाडी ट्रॅकवर नेता येते

सुरतेला लागून, तापीच्या काठावर आणि ४८ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर कामरेज आहे. भोवती उसाची काळी जमीन, नदीच्या बाजूला गाळाची माती. पूर्वेला निघालं की मांडवी, काकरापार, व्यारा लागतं, पुढे सोनगड आणि उकाई. तिथून दक्षिणेला वळलं की डांगचा साग-बांबूचा मुलूख सुरू होतो, म्हणजे सह्याद्रीचं उत्तर टोक. सोनगडचा किल्ला पिलाजीराव गायकवाडांचा, कामरेजही पुढे बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात होतं, आणि सुरतेच्या उधना-लिंबायत भागात आज खानदेशातून आलेली हजारो कुटुंबं राहतात. या पट्ट्यातल्या मराठी घरातला एखादा तरुण डर्ट बाईक घ्यायची म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे दोन चित्रं असतात. एक डांगच्या चढणीवरच्या पायवाटेचं, दुसरं मोटोक्रॉसच्या ट्रॅकचं. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगचा पहिला हंगाम २०२४ च्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडीत सुरू झाला आणि पुढची फेरी अहमदाबादला झाली, तेव्हापासून हे दुसरं चित्र अधिकच जवळ आलं आहे. पैसे मात्र एकाच गाडीचे असतात. दोन्ही कामांना चालेल अशी एक गाडी निवडायची असेल तर ती रानाच्या बाजूने निवडावी आणि ट्रॅकसाठी तिच्यात फेरफार करावेत, असं माझं मत आहे. उलट्या बाजूने सुरुवात केली तर पैसेही जातात आणि हौसही मरते.

आधी दोन्ही जागा गाडीकडून काय मागतात ते पाहू. मोटोक्रॉसची गाडी बहुतेक वेळ वरच्या आरपीएमवर असते. थ्रॉटल एक तर पूर्ण उघडा, नाही तर बंद. जंपवरून उतरताना फोर्क जवळजवळ तळापर्यंत दबतो, म्हणून सस्पेन्शनचा प्रवास ३०० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि आतल्या तेलाची वाट आवळलेली, म्हणजे कडक. गिअर बहुधा पाच आणि एकमेकांना चिकटून, टाकी सात-एक लिटरची, मागचं चाक १९ इंची. दिवा, हॉर्न, साइड स्टँड यांपैकी काहीच नसतं, कारण शर्यतीत प्रत्येक किलो जाचतो. तासाभराच्या आत पिटमध्ये परत यायचं आहे, हे गृहीत धरूनच ही गाडी बनवलेली असते.

रानात हिशोब वेगळा. ताशी दहा-पंधरा किलोमीटर, पहिला-दुसरा गिअर, अर्धा क्लच, आणि हे दोन-तीन तास. डांगमध्ये उन्हाळ्याच्या तोंडावर सागाची पानगळ होते, ताटाएवढी वाळलेली पानं खालचा काळा कातळ झाकून टाकतात. अशा उतारावर पुढचा ब्रेक दाबला की चाक पानांसकट घसरतं. इंजिनच्या ओढीवर, मागच्या ब्रेकला नुसता पाय टेकवून गाडी खाली आणावी लागते. वाटेच्या कडेला तोडलेल्या बांबूचे तिरपे खुंट असतात, त्यांनी टायरची बाजू फाटते आणि हँड गार्ड नसेल तर बोटं सोलून निघतात. पावसात कामरेज-मांडवीकडची काळी माती बटन टायरच्या खाचांत भरते, मग मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये थापली जाते, आणि काही वेळाने चाक फिरायचंच थांबतं. इथे लागतं ते खालच्या आरपीएमवर न बंद पडणारं इंजिन, क्रँकवरचं जड फ्लायव्हील, दगडावर न उसळणारं मऊ सस्पेन्शन आणि मागे १८ इंची चाक. चाक एका इंचाने लहान म्हणजे टायरची भिंत उंच. हवा कमी ठेवून टायर दगडाला धरून राहतो आणि रिम वाचते. जपानी कंपन्या यातले बरेच बदल करून आपल्या मोटोक्रॉस गाड्यांची क्रॉस-कंट्री आवृत्ती काढतात. यामाहाची वायझेड २५० एफएक्स किंवा होंडाची सीआरएफ २५० आरएक्स घ्या, दोन्हींना मागे १८ इंची चाक आहे. ट्रॅकची गाडी रानात जशीच्या तशी चालत नाही, हे तिच्या निर्मात्यांनीच यातून मान्य केलं आहे.

माझ्या युक्तिवादाचा मुख्य आधार हा की दोन्हीकडच्या चुकीची किंमत सारखी नसते. रानाची गाडी ट्रॅकवर नेली तर जंपवर ती कमी उडते, वळणातून बाहेर पडताना मागे राहते, फेरीमागे काही सेकंद जातात. शर्यत हरते, पण गाडी आणि चालवणारा दोघं धड राहतात, आणि शिकणाऱ्याचं शिकणं थांबत नाही. मोटोक्रॉसची गाडी डांगच्या चढणीला लावली तर? तिचा रेडिएटर वेगाच्या वाऱ्यावर थंड होतो आणि पंखा बहुधा नसतो. एप्रिल-मेच्या उन्हात, पहिल्या गिअरमध्ये, क्लच खात चढताना कूलंट उकळून बाहेर येतं, क्लचच्या प्लेटा जळतात, आणि हलक्या फ्लायव्हीलचं इंजिन नेमकं मुळावर चाक टेकतानाच बंद पडतं. कडक फोर्क प्रत्येक दगड थेट मनगटात उतरवतो. अर्ध्या तासात हात भरून येतात आणि दमलेला माणूस पडतो, तोही अशा जागी जिथे मोबाइलला रेंज नाही आणि गाडी ओढून न्यायला रस्ता नाही. एका बाजूला काही सेकंदांचा तोटा, दुसऱ्या बाजूला ही अवस्था. दोन्हींची सरासरी काढून मधली गाडी शोधण्यापेक्षा ज्या बाजूची चूक महाग पडते ती आधी सांभाळावी.

यावर सर्वांत भक्कम आक्षेप वजनाचा आहे. अडीचशे सीसीची मोटोक्रॉस गाडी शंभर ते एकशे दहा किलोची. आपल्याकडची हिरो एक्सपल्स २०० फोर-व्ही १५९ किलोची. ओढ्यात आडवी झालेली गाडी उचलताना हे पन्नास किलो खांद्यांना आणि कमरेला चांगलेच कळतात, आणि जो कुणी ते नाकारतो त्याने एकदा चिखलातून गाडी ओढून पाहावी. आक्षेप खरा आहे, पण तो गाडी हलकी घ्या एवढंच सांगतो, मोटोक्रॉसची घ्या असं सांगत नाही. कावासाकीची केएलएक्स २३० घ्या. २३३ सीसीचं साधं हवेवर थंड होणारं इंजिन, सहा गिअर, २१ आणि १८ इंची चाकं, वजन १३९ किलो, आणि पासिंग होणारी गाडी. डिसेंबर २०२४ मध्ये ती आली तेव्हा किंमत ३ लाख ३० हजार होती, म्हणजे बहुतेकांच्या हाताबाहेर. पुढे भारतात बनू लागल्यावर ती दोन लाखांच्या आत उतरली. वजनाच्या आक्षेपाला आज बाजारात याहून चांगलं उत्तर नाही.

दुसरा आक्षेप खेळाडूंच्या नावाने येतो. सी. एस. संतोष, के. पी. अरविंद, हरिथ नोआ हे तिघंही मोटोक्रॉस-सुपरक्रॉसच्या ट्रॅकवर घडले आणि मग वाळवंटातल्या डाकार रॅलीला गेले. संतोष २०१५ मध्ये डाकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, हरिथने २०२४ मध्ये रॅली-२ गटात पहिला क्रमांक मिळवला. मग ट्रॅकवरूनच सुरुवात का करू नये? उदाहरण मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. ट्रॅकवर उभं राहून चालवण्याची ढब, थ्रॉटलवरचा ताबा, घसरत्या मागच्या चाकाची भीती जाणं, हे सगळं माणसाबरोबर वाळवंटात गेलं. गाडी गेली नाही. डाकारसाठी त्यांना वेगळ्या बांधणीच्या, मोठ्या टाकीच्या रॅली गाड्या घ्याव्या लागल्या. शिवाय ही मंडळी बहुतेक वेळा कारखान्यांच्या संघांतून धावली, मेकॅनिक आणि सुटे भाग त्यांच्या पाठीशी होते. कामरेजचा मुलगा गाडी स्वतः धुणार आहे आणि ऑइल स्वतः बदलणार आहे. मोटोक्रॉस इंजिनाची देखभाल किलोमीटरवर नव्हे, तासांवर मोजतात. दर काही तासांनी ऑइल आणि फिल्टर, ठरावीक तास भरले की पिस्टन. विकत घेतानाच्या किमतीपेक्षा हा पुढचा खर्च जास्त सतावतो. एक्सपल्सची क्लच प्लेट किंवा केबल तालुक्याच्या गावात मिळते, ही साधी गोष्ट महिनाभर गाडी उभी राहण्यापासून वाचवते.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. मऊ सस्पेन्शनची गाडी मोठ्या जंपवरून टाकली तर ती तळाला आदळते, हँडल हातातून सुटतं, फ्रेमला तडा जाऊ शकतो. एक्सपल्सचा फोर्क मूळचा १९० मिलिमीटरचा आणि मागचा प्रवास १७० चा, मोटोक्रॉसच्या मानाने फारच थोडा. हिरोने २०२३ मध्ये काढलेल्या प्रो आवृत्तीत तो २५० आणि २२० पर्यंत नेला, ग्राउंड क्लिअरन्स २७० मिलिमीटर केला, आणि त्यापायी सीट ८९१ मिलिमीटर उंच झाली. बुटक्या माणसाचे पाय टेकणार नाहीत, हे दुकानातच बसून पाहावं. पण प्रो घेतली तरी ती सुपरक्रॉसच्या तिहेरी जंपसाठी नाही. रानाच्या गाडीने ट्रॅकवर टेबलटॉप घ्यावेत, कारण उडी तोकडी पडली तरी चाकाखाली माती असते. मध्ये खड्डा असलेले दुहेरी-तिहेरी जंप उडून न घेता लोळवत पार करावेत. ही मर्यादा पाळायची तयारी नसेल, शर्यत जिंकायचीच असेल, तर माझा सल्ला त्या माणसासाठी नाही. त्याने सरळ मोटोक्रॉसची गाडी घ्यावी आणि रान विसरावं.

कायद्याची बाजू खरेदीच्या उत्साहात मागे पडते, पण कामरेजसारख्या जागी निवड बरीचशी तिथेच ठरते. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही. केटीएमने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पर्धेच्या गाड्या भारतात आणल्या. त्यात २५० एसएक्स-एफ ९ लाख ५८ हजारांना, ४५० एसएक्स-एफ १० लाख २५ हजारांना आणि रानासाठीची ३५० ईएक्ससी-एफ १२ लाख ९६ हजारांना. यांपैकी एकीचंही पासिंग होत नाही. म्हणजे कामरेजहून उकाईला जायचं तरी छोटा हाथी नाही तर पिकअप हवा, आणि उतरवल्यावर गावाचा डांबरी रस्ता ओलांडणंही बेकायदा. अहमदाबाद अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पुणे त्याहून बरंच लांब. ट्रॅकवर वर्षातून मोजक्या वेळा जाणं होणार आणि मातीच्या वाटा दर रविवारी. आरसी बुक असलेली गाडी घरून निघते, घरी येते, आणि वेळ पडली तर कामावरही नेता येते. भारतीय मातीतल्या खेळाची बरीच परंपरा अशाच गाड्यांवर उभी आहे. आरएक्स १०० आणि शोगन या रस्त्याच्या गाड्यांवरच एक अख्खी पिढी मोटोक्रॉस शिकली. हिरोने २०११ मध्ये इम्पल्स आणली, ती चालली नाही, तरी तो धागा सोडला नाही. २०१९ मध्ये एक्सपल्स आली आणि २०२२ मध्ये तिच्यावरच डर्ट बायकिंग चॅलेंज ही स्पर्धा सुरू झाली.

मग निवड अशी करावी. पहिलीच गाडी असेल आणि बजेट दोन लाखांच्या आसपास असेल तर वजनाला महत्त्व देणाऱ्याने केएलएक्स २३० घ्यावी, गावात दुरुस्ती व्हावी असं वाटणाऱ्याने एक्सपल्सची प्रो, मिळाली तर वापरलेलीही चालेल. जानेवारी २०२५ मध्ये आलेली एक्सपल्स २१० ताकदवान आहे, २४.६ पीएसची आणि लिक्विड-कूल्ड, पण १६८ किलोची. महामार्गावर ती उजवी, रानात जड. केटीएम ३९० एंड्युरो आरही पावणेदोनशे किलोच्या पुढे जाते, शिकाऊ माणसाने तिच्या ४६ पीएसच्या मोहात पडू नये. घेतलेल्या गाडीवर पहिले पैसे एक्झॉस्टवर घालवू नयेत. आधी स्वतःच्या वजनाला जुळणाऱ्या स्प्रिंगा घालाव्यात, आणि पूर्ण सामानासह बसल्यावर मागचं सस्पेन्शन एकूण प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश दबतं का ते पट्टीने मोजावं. मग बटन टायर, रिम लॉक, हँड गार्ड आणि खालची बॅश प्लेट. पुढचं स्प्रॉकेट तेरा दातांचं असेल तर बारा दातांचं घातल्यावर ओढ जवळजवळ आठ टक्क्यांनी वाढते. काम तासाभराचं आणि खर्च किरकोळ. ट्रॅकला जाताना तेरा दातांचं परत बसवावं, फोर्कची डॅम्पिंग बदलता येत असेल तर दोन-चार टिचक्या आवळावी, आरसे आणि इंडिकेटर काढून ठेवावेत. ज्याच्याकडे पिकअप आहे, तीन-चार वर्षांचा अनुभव आहे आणि खिशात पैसा आहे, त्याने एसएक्स-एफवर न जाता ईएक्ससी-एफ घ्यावी, कारण त्या किमतीतही वरचा नियम बदलत नाही.

वांसदा राष्ट्रीय उद्यान आणि डांगमधलं पूर्णा अभयारण्य या दोन्ही ठिकाणी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं वन कायद्याने गुन्हा आहे. म्हणून रान म्हणताना पाड्यांना जोडणाऱ्या खुल्या गाडीवाटा एवढाच अर्थ घ्यावा, पिकातून गाडी घालू नये, सायलेन्सर कापू नये, आणि निघण्यापूर्वी त्या भागातल्या वन विभागाच्या कार्यालयात विचारून घ्यावं.