मेल सर्व्हरचा पत्ता बदलताना

आपल्या व्यापारी बांधवांत आता पेढीच्या नावाने ईमेल ठेवणारे पुष्कळ आहेत. ज्यांचा मेल मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे, त्यांना या लेखाची गरज नाही. पण काही कारखानदारांनी व निर्यातदारांनी ऑफिसातच लिनक्सच्या मशीनवर पोस्टफिक्स किंवा झिंब्रा बसवून घेतले आहे. बसवणारा मुलगा पैसे घेऊन जातो, मेल वर्षभर बिनतक्रार चालतो. मग ऑफिस हलते किंवा स्वस्त इंटरनेट लाइन मिळते, आयपी पत्ता बदलतो आणि दुबईच्या गिऱ्हाइकाला पाठवलेले बिल पोचेनासे होते.

आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवरील घर क्रमांक. लोक आपल्याला नावाने शोधतात. नावावरून क्रमांक सांगण्याचे काम डीएनएस करते. तेथे 'एमएक्स' नोंदीत मेल घेणाऱ्या सर्व्हरचे नाव असते आणि 'ए' नोंदीत त्या नावाचा क्रमांक. तेव्हा बदलायची ती 'ए' नोंद. एमएक्समध्ये थेट क्रमांक लिहिणे नियमात बसत नाही, तरी घाईत काही जण तसे करतात. शिवाय प्रत्येक नोंदीला मुदत असते. ती ८६,४०० सेकंद असेल तर जग एक दिवसभर जुन्याच दारावर टपाल टाकत राहील. म्हणून बदलाच्या दोन दिवस आधी मुदत ३०० सेकंदांवर आणावी.

सर्वांत जास्त माणसे अडतात ती उलट्या नोंदीत. क्रमांकावरून नाव सांगणारी ही 'पीटीआर' नोंद आपल्या हातात नसते, ती लाइन देणाऱ्या कंपनीकडून करून घ्यावी लागते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने ही नोंद सर्व पाठवणाऱ्यांना सक्तीची केली आहे. त्यामुळे लाइनचा सौदा करतानाच विचारावे: स्थिर पत्ता देणार का, पीटीआर करून देणार का, आणि २५ नंबरचे पोर्ट उघडे आहे का? यातल्या एकालाही नकार मिळाला तर ती लाइन कितीही स्वस्त असली तरी मेल सर्व्हरच्या कामाची नाही.

'एसपीएफ' नोंदीत आपल्या वतीने कोणत्या क्रमांकावरून मेल निघतो ते लिहिलेले असते. तेथे जुनाच क्रमांक राहिला, तर आपले खरे बिल समोरच्याला बनावट वाटते. काही दिवस दोन्ही क्रमांक ठेवावेत. डीकेआयएमची सही आणि सुरक्षा प्रमाणपत्र साधारणतः नावावर असतात, त्यांना हात लावू नये.

नवा क्रमांक खरे तर नवा नसतोच. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा २०११ सालीच संपला; आता मिळतो तो बहुधा कोणाचा तरी वापरलेला. आधीच्या भाडेकरूची उधारी नव्या भाडेकरूकडे मागावी, तसे त्याने पाठवलेल्या कचऱ्याबद्दल आपल्याला अडवले जाते. पत्ता हाती येताच स्पॅमहाऊससारख्या काळ्या यादीत तो आहे का, हे तपासावे आणि असल्यास लाइन कंपनीकडून बदलून घ्यावा.

मशीनच्या आतही जुना क्रमांक दडलेला असतो. होस्ट्स फाइलमध्ये तो राहिला तर झिंब्रा स्वतःलाच ओळखत नाही. पोस्टफिक्स कोणत्या पत्त्यावर ऐकणार, तेथे तो लिहिलेला असेल तर सेवा सुरूच होत नाही. दुरुस्तीनंतर नुसते रीलोड करून भागत नाही, ती पूर्ण बंद करून सुरू करावी लागते. भरवशाच्या नेटवर्कांची यादी मात्र जपून बदलावी. काम होत नाही म्हणून कारागीर ती सर्वांना खुली करून ठेवतो, आणि रात्रीत आपले मशीन साऱ्या जगाचा कचरा वाहू लागते. राऊटर बाहेरून आलेली प्रत्येक जोडणी स्वतःच्या आतल्या पत्त्याने पुढे देत असेल, तरीही हाच परिणाम होतो.

काम बाजार बंद असेल त्या दिवशी काढावे. मशीन काही तास बंद राहिले तर येणारा मेल सहसा बुडत नाही. पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पण अर्धवट मांडणीचे मशीन चालू असले आणि त्याने 'असा कोणी येथे नाही' असे उत्तर दिले, तर पत्र तत्क्षणी परत जाते. म्हणून बाहेरच्या एखाद्या खात्यावरून मेल पाठवून व मागवून पाहिल्याशिवाय कारागिराचा हिशेब चुकता करू नये, आणि जुनी लाइन निदान आठवडाभर तोडू नये.