बराकीतला संसार

उल्हासनगरात पत्ता विचारला की आजही मला आधी प्रश्न येतो, ‘कॅम्प नंबर किती?’ हा कॅम्प दुसऱ्या महायुद्धातल्या लष्कराचा. पुढे रवाना व्हायच्या सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी इथे लांबलचक बराकी बांधल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना त्यांतच जागा मिळाली. सैनिकाचे एका खाटेच्या जागेत भागते. संसाराला आडोसा लागतो. तो या कुटुंबांनी गोणपाट आणि जुन्या चादरी बांधून केला. पण शेजारचे बोलणे, आजाऱ्याचे कण्हणे पडद्याने कसे थांबणार? ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली, उल्हास नदीवरून नाव मिळाले. पडद्यांच्या जागी भिंती मात्र रहिवाशांनीच हळूहळू उभ्या केल्या. म्हणून ‘कॅम्प’ हा शब्द ऐकला की मला सैनिक नव्हे, ते पडदे आठवतात.