सीपी बेरार : सिनेमावाल्यांनी राखलेला प्रांत

अमरावतीत ऑटोवाल्याला चित्रा चौक, सरोज चौक, श्याम चौक किंवा प्रभात चौक म्हणा, तो पुढचं काही विचारत नाही. ही नावं टॉकीजची. पुढाऱ्यांचे पुतळे शहरात कमी नाहीत, पण पत्ता सांगायची वेळ आली की लोकांनी टॉकीजच धरल्या. सिनेमाचं वेड असलेल्या कुठल्याही गावात असं घडू शकतं. अमरावतीचं प्रकरण त्याहून पुढचं आहे. हे गाव सिनेमा नुसता पाहत नव्हतं, विकत घेत होतं आणि पुढे विकत होतं.

हिंदी सिनेमाच्या धंद्यात भारताचा नकाशा वेगळा आहे. तिथे महाराष्ट्र नाही, मध्य प्रदेश नाही. तिथे आहेत ‘टेरिटरी’ : मुंबई, दिल्ली-यूपी, ईस्ट पंजाब, निझाम, म्हैसूर, सीआय म्हणजे सेंट्रल इंडिया, राजस्थान, आणि आपला सीपी बेरार. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार. निझामाने 1853 मध्ये इंग्रजांच्या हवाली केलेला वऱ्हाड 1903 मध्ये मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला आणि 1936 मध्ये त्या जोडगोळीला हे अधिकृत नाव मिळालं. 1950 मध्ये ते सरकारदरबारातून गेलं. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. एवढ्या उलथापालथीत सिनेमाच्या हिशेबवहीने मात्र पान बदललं नाही. नांदेड अजूनही ‘निझाम’मध्ये, बेळगाव ‘मुंबई’त, आणि 2000 साली छत्तीसगढ वेगळं होऊनही रायपूर-बिलासपूर अमरावती-अकोल्याच्याच पंगतीला. नवा सिनेमा लागला की सोमवारी ट्रेडचे आकडे येतात, त्यात आजही ‘सीपी बेरार’ अशी वेगळी ओळ असते. वऱ्हाडाचं इंग्रजी नाव या धंद्याने रोजच्या व्यवहारात जिवंत ठेवलं आहे. वेगळ्या विदर्भाची मागणी करणाऱ्यांचं याकडे लक्ष कसं गेलं नाही, कोण जाणे.

या टेरिटरीची गादी नागपूरला असावी, असं कुणालाही वाटेल. नागपूर राजधानी होती, मोठं होतं. तरी वितरकांची ऑफिसं जमली ती भुसावळ आणि अमरावतीत. भुसावळचं कारण उघड आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग तिथे फुटतो, एक फाटा खंडवा-इटारसीकडे, दुसरा अकोला-बडनेरा-नागपूरकडे. सिनेमा लोखंडी पेटीतून रेल्वेने जायचा, त्या काळात जंक्शनवर बसणं हाच शहाणपणा. सीपी बेरार, सीआय आणि राजस्थान या तिन्हींच्या वितरक-प्रदर्शकांची संघटना, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, तीही भुसावळचीच. अमरावती मुख्य लाइनवर नाही, दहाएक किलोमीटरवरच्या बडनेऱ्याहून फाट्याने यावं लागतं. पण इथे पैसा होता, कापसाचा. जिनिंग-प्रेसिंगमध्ये फिरणारा, हंगामात मोकळा होणारा आणि जोखमीला सरावलेला पैसा. सरकीचा भाव पडेल की चढेल यावर डाव लावणाऱ्याला सिनेमा चालेल की पडेल यावर डाव लावणं फार अवघड वाटलं नसणार.

डाव कसा असायचा ते जरा उलगडून सांगायला हवं, कारण हिंदी सिनेमाच्या कथेचं कूळ इथेच आहे. निर्मात्याकडे सिनेमा पुरा करण्याइतका पैसा क्वचितच असे. बँका दारात उभं करत नव्हत्या. सिनेमाला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा झाली तीच 1998 मध्ये. मग निर्माता दोनचार रिळं काढायचा, किंवा नुसता हिरो साइन करून मुहूर्त करायचा, आणि एकेक टेरिटरी विकायचा. वितरक ‘एमजी’ द्यायचा, म्हणजे मिनिमम गॅरंटी. थोडी रक्कम सही करताना, थोडी शूटिंगच्या टप्प्यांवर, उरलेली प्रिंट हातात पडताना. समजा, सीपी बेरारचा भाव 10 लाख ठरला आणि प्रिंट-पब्लिसिटीला 2 लाख लागले. थिएटरचं भाडं आणि करमणूक कर वजा जाता जे हाती येई, त्यातून आधी हे 12 लाख सुटायचे. मग वितरकाचं कमिशन, साधारण 20 टक्के. त्यावर जे उरेल तो ‘ओव्हरफ्लो’, तो निर्मात्याबरोबर वाटून घ्यायचा. सिनेमा आपटला तर 12 लाखांचा खड्डा वितरकाचा. निर्माता एमजी घेऊन मोकळा.

आता ज्याचा पैसा, त्याचं मत. अमरावतीचा वितरक मुंबईला जाऊन कथा ऐकायचा ती साहित्याच्या कानाने ऐकत नसे. हिरो कोण, गाणी किती, फाइट किती, आईचा रोल आहे का, इंटरव्हल कुठे पडतो, हे त्याचे प्रश्न. समीक्षकांनी या प्रश्नांची पुष्कळ टिंगल केली. मला ते प्रश्न हास्यास्पद वाटत नाहीत. दर्यापूरच्या पत्र्याच्या थिएटरात पुढच्या बाकावर बसणारा मजूर आणि अकोल्याच्या बाल्कनीतला कापडवाला, दोघांकडून तिकीट काढून घ्यायचं तर गोष्ट कशी रचावी, याचं उत्तर शोधणारा तो माणूस होता. असे वितरक सगळ्या टेरिटरींत होते. पंजाबला मारामारी हवी, बंगालला गोष्ट हवी, आपल्याकडे देवाधर्माचं आणि घरादाराचं चालतं, असे ज्याचे त्याचे ठोकताळे. या सगळ्यांना एकाच पटकथेत बसवायचं तर त्यात थोडं रडू, थोडं हसू, सहा गाणी, एक देऊळ आणि शेवटी दहा मिनिटांची हाणामारी येणारच. ‘मसाला’ म्हणून ज्याला नावं ठेवली जातात, तो बराचसा या टेरिटरींच्या विक्रीपत्रातून शिजलेला आहे. 1975 च्या ‘जय संतोषी माँ’ने छोट्या गावांत जो धंदा केला, त्याने मुंबईचे पंडित चक्रावले. खालच्या सेंटरची, म्हणजे छोट्या गावांची, नस ज्याला ठाऊक होती, त्याला तो धक्का कमीच बसला असेल.

पटकथाकारांनाही हा नकाशा पाठ होता. सलीम-जावेद जोडीतले सलीम खान इंदूरचे, म्हणजे आमच्या शेजारच्या सीआय टेरिटरीचे. 1975 मध्येच, 15 ऑगस्टला, त्यांचा ‘शोले’ लागला. पहिल्या आठवड्याच्या बातम्या इतक्या थंड होत्या की शेवट पुन्हा चित्रित करून त्यात मरणाऱ्या जयला जिवंत ठेवावं की काय, याचा खल सुरू झाला. तेव्हा या दोघा लेखकांनी ट्रेड पेपरात जाहिरात दिली की हा सिनेमा प्रत्येक मोठ्या टेरिटरीत एक कोटीचा धंदा करेल. लेखकाने आपल्या लिखाणाची कैफियत टेरिटरीच्या भाषेत मांडावी, यावरून ती भाषा किती वजनदार होती ते कळतं.

वितरकाने सिनेमा घेतला की खरी यातायात सुरू व्हायची, ती पेटीची. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट पळते. अडीच-पावणेतीन तासांचा सिनेमा म्हणजे चौदा-पंधरा हजार फूट, हजार फुटांचं एक रीळ धरलं तर चौदा-पंधरा रिळं. डबे आणि पेटीसकट चाळीसेक किलोंचं ओझं. प्रिंट महाग, म्हणून थोड्याच काढायच्या आणि फिरवायच्या. आधी नागपूर, अमरावती, अकोला. तिथला रन संपला की खामगाव, यवतमाळ, अचलपूर. मग मूर्तिजापूर, अंजनगाव, दर्यापूर. आणि सगळ्यांत शेवटी जत्रेतला टुरिंग टॉकीजचा तंबू. शहरात जुना झालेला सिनेमा खेड्यात वर्षा-दोन वर्षांनी नवा होऊन यायचा. पेटी कधी रेल्वेच्या पार्सल डब्यातून, कधी एसटीच्या टपावरून. एकाच गावात दोन टॉकीजना एकच प्रिंट लावली, तर पहिलीकडची रिळं सुटतील तशी पोऱ्या सायकलवरून दुसरीकडे पोचवायचा. त्याची सायकल पंक्चर झाली की इकडे पब्लिक खुर्च्या आपटायची.

पेटीच्या मागोमाग जायचा वितरकाचा प्रतिनिधी. या माणसावरचा सिनेमा माझ्या पाहण्यात नाही, हे नवलच. खिशात पेन, काखेत वही, रात्री लॉजवर नाहीतर टॉकीजच्या ऑफिसातच मुक्काम. त्याचं काम डीसीआर लिहून घेण्याचं, डेली कलेक्शन रिपोर्ट. प्रत्येक खेळाचा वेगळा रकाना. प्रत्येक क्लासच्या तिकिटाचा सुरुवातीचा नंबर, शेवटचा नंबर, वजाबाकी करून विकलेली तिकिटं, गुणिले दर, त्यातून कर वजा, उरलं ते नेट. कागदावर हे सरळ दिसतं. पण टॉकीजवाल्याने एकच तिकीट दोनदा विकलं तर नंबर जुळतात आणि पैसा गायब होतो. म्हणून हुशार प्रतिनिधी पिक्चर सुरू झाल्यावर अंधारात दाराशी उभा राहून रांगेरांगेने डोकी मोजायचा, आणि डोकी तिकिटांपेक्षा जास्त भरली की मॅनेजरच्या केबिनमध्ये चहा मागवला जायचा. रात्री आकडा अमरावतीच्या ऑफिसला कळवायचा, तो पुढे मुंबईला. लोक रडले की नाही, गाण्याला बाहेर बिडी प्यायला उठले की नाही, हेही त्यातच. बाहेर पडणाऱ्यांना विचारायची सोय होतीच, “कसा हाये पिच्चर?” “पैसे वसूल हाये” असं उत्तर आलं की काम झालं.

तिसरा माणूस ऑपरेटर, प्रोजेक्टरचं मशीन चालवणारा. आलेली प्रिंट तो तशीच मशीनवर चढवत नसे. रीळ हाताने रिवाइंड करताना फिल्मच्या दोन्ही कडा अंगठा आणि बोटांच्या चिमटीतून सरकू द्यायचा. चिमटीला खरखर लागली की थांबायचं : भोकं फाटलेली असणार. प्रत्येक फ्रेमला दोन्ही बाजूंना चार-चार भोकं असतात, त्यांत मशीनचे दाते अडकतात. फाटका तुकडा कात्रीने उडवायचा, एका टोकावरचा इमल्शनचा थर ब्लेडने हलकेच खरवडायचा, फिल्म सिमेंटचा ब्रश फिरवायचा आणि दुसरं टोक वर दाबून धरायचं. दर जोडाला फ्रेम जातात, आणि 24 फ्रेमचा एक सेकंद. त्यात आणखी एक गंमत. आवाजाची पट्टी चित्राच्या सुमारे 20 फ्रेम पुढे छापलेली असते, कारण मशीनमध्ये आवाज वाचणारा भाग चित्राच्या खिडकीखाली असतो. त्यामुळे जोड आला की आधी चित्र उडी मारतं, आणि पाऊण-एक सेकंदाने आवाज. जुन्या प्रिंटचा सिनेमा पाहिलेल्यांनी हे दुहेरी ठेचकाळणं अनुभवलेलं आहे, कारण ठाऊक नसलं तरी. शेवटच्या सेंटरला पोचेपर्यंत गाण्याची आख्खी ओळ गळालेली असायची, पडद्यावर ओरखड्यांचा पाऊस पडत असायचा, आणि लोकांची त्याबद्दल तक्रार नसायची. मशीनच्या दिव्यातल्या जळत्या कार्बनकांड्यांमधलं अंतर सांभाळत, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात रीळ संपत आल्याचा ठिपका दिसताच दुसरं मशीन चालू करणारा हा माणूस बहुतेक सिनेमे बाजूच्या छोट्या काचेतून तुकड्यातुकड्यांनी पाहत असे.

एवढा सगळा पसारा असूनही एक गोष्ट सलते. वऱ्हाडाने मुंबईला वर्षानुवर्षं पैसा पुरवला, पण स्वतःचा सिनेमा उभा केला नाही. माणसं गेली ती मुंबईलाच. अमरावती जिल्ह्यातल्या धामणगावचे राजदत्त हे राजा परांजपे यांच्या हाताखाली शिकले, 1967 मध्ये ‘मधुचंद्र’पासून दिग्दर्शक झाले आणि 2024 मध्ये पद्मभूषणाचे मानकरी ठरले. अमरावतीच्याच मातीतल्या गाडगेबाबांवरचा ‘देवकीनंदन गोपाला’ 1977 मध्ये त्यांनी केला, डॉ. श्रीराम लागूंना घेऊन. अकोल्याच्या विठ्ठल वाघांचं गीत 1981 च्या ‘अरे संसार संसार’मधून घराघरांत गेलं. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ 2009 मध्ये आला, त्यात इथला शेतकरी इथल्या बोलीत बोलला. ही नावं मोठी आहेत, पण मोजकी आहेत. वितरकाचा पैसा तयार माल ओळखण्यात पटाईत होता. कोऱ्या कागदावर पैसा लावायची सवय त्याला लागली नाही.

पुढची कहाणी लवकर सांगून होते. मोठ्या चित्रपट कंपन्या आल्या, त्यांनी एका सहीत सगळ्या टेरिटरी घेतल्या. 2005 नंतर उपग्रहावरून सिनेमा थेट थिएटरात उतरू लागला, आणि दशकभरात पेटी, सायकल, सिमेंटची बाटली सगळं निकालात निघालं. मूर्तिजापूरला आणि मुंबईला एकाच शुक्रवारी सिनेमा लागतो. प्रेक्षकाचं यात भलंच झालं, हे कबूल करायला हवं. एकपडदा टॉकीज एकेक करून बंद पडत गेल्या, वितरणाची ऑफिसं आटली. संघटनांचा दराराही ओसरला. त्यांच्याकडे नोंदणी केल्याशिवाय सिनेमा लावू द्यायचा नाही, अशा नियमांवरून 2012 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अनेक चित्रपट संघटनांना दंड केला, त्यांत सेंट्रल सर्किटही होती. दंड योग्यच होता, धंदा एकत्र ठेवणारी शिस्त केव्हाच अडवणूक झाली होती.

राहता राहिल्या वह्या. अमरावती, अकोला, भुसावळच्या जुन्या वितरकांच्या आणि टॉकीजमालकांच्या माळ्यांवर डीसीआरचे गठ्ठे, निर्मात्यांबरोबरची करारपत्रं, फोटोसेट, हँडबिलं पडून असतील. पोस्टरला आता शौकीन गिऱ्हाईक मिळतं, वहीला रद्दीवाला. पण कुठल्या वर्षी, कुठल्या गावात, कापूस विकून आलेल्या माणसाने कुठला सिनेमा किती दिवस पाहिला, हे त्या वहीशिवाय दुसरीकडे क्वचितच लिहिलेलं सापडेल. पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, अमरावतीत संत गाडगेबाबांच्या नावाचं विद्यापीठ आहे. तुमच्या घरात असा गठ्ठा असेल, तर यंदाच्या दिवाळीची साफसफाई काढण्याआधी या दोहोंपैकी एका ठिकाणी चौकशी करा.